पहिली घोडी दारात आणताय? आधी लीद बघायला शिका

माझं माहेर सदाशिवनगरजवळचं. माउलींच्या पालखीचं गोल रिंगण आमच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर व्हायचं. अश्व दौडून गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावायची, त्यांत मीही असायची. सहा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर पहिली घोडी आली, तेव्हा घोड्याबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं: तो दौडतो आणि त्याला नमस्कार करायचा.

खरं म्हणजे घोडा दौडतो तो दिवसातला अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास तो खातो, हगतो, उभ्या उभ्या डुलक्या काढतो आणि आजारी पडायला निमित्त शोधतो. आज आमच्याकडे चार एकरांत दोन घोड्या, एक शिंगरू आणि त्यांच्या सोबतीला एक म्हातारी शेळी आहे. पहिल्या वर्षी कुणी नीट सांगितलं असतं तर काही रात्री झोप लागली असती. म्हणून हे लिहिते आहे. शर्यतीच्या किंवा नाचकामाच्या घोड्यांसाठी हे नाही. घरच्या शेतावर एक-दोन जनावरं हौसेनं ठेवणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी माणसं मोजा, मग घोडी

पहाटे साडेपाचला कोण उठणार, ते नाव घेऊन ठरवा. "आपण सगळे मिळून बघू" याचा अर्थ घरातली एक बाई बघणार, असा होतो. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो. आज हट्ट करणारं पोर तोवर लग्न होऊन पुण्यात गेलेलं असतं.

मग दोन माणसं शोधा: घोडे तपासलेला डॉक्टर आणि नालबंद. तालुक्यातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले असतात. घोड्याला हात लावायला त्यांतले काही जण उघडपणे नको म्हणतात, आणि ते प्रामाणिकच म्हणायचे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर फोनमध्ये ठेवा, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. तासाभरात येऊ शकेल असा डॉक्टर आणि दीड-दोन महिन्यांनी फेरी मारणारा नालबंद, या दोघांपैकी एक जरी मिळत नसेल तर बेत पुढे ढकला.

एकटा घोडा ठेवू नका. हा कळपाचा जीव आहे, एकटेपणात खुंट्याचं लाकूड चावत बसतो. दुसरी घोडी परवडत नसेल तर शेळी किंवा गाय शेजारी बांधली तरी चालते.

२. जागा आणि सामान

एका जनावराला बारा बाय बारा फुटांची खोली लागते. छप्पर उंच हवं, कारण दचकलं की डोकं वर जातं. खाली मुरूम दाबून त्यावर माती. शहाबादी फरशी दिसायला स्वच्छ, पण ओली झाली की घोडा घसरतो आणि कोरडी असली की सांधे दुखतात. मातीवर लाकडाचा भुस्सा पसरावा. मुताचा वास डोळ्यांना झोंबला तर समजा की तुमच्या आधी त्याच्या फुप्फुसांना झोंबलाय.

काटेरी तार काढून टाका, ही पहिली अट. गाय तारेला टेकून थांबते. घोडा घाबरला की तारेतून आरपार जायला बघतो आणि पायाची कातडी सोलून घेतो.

आणि कण्हेर. आमच्या दारात पूजेच्या फुलांसाठी लावलेली सासूबाईंची लाल कण्हेर होती, तीस वर्षांची. कण्हेरीची मूठभर पानं घोड्याचं हृदय बंद पाडू शकतात, वाळलेली पानंसुद्धा. झाड काढताना सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता देवाला जास्वंद असते. घाणेरी आणि एरंडसुद्धा कुरणातून उपटा.

सामान थोडंच लागतं: खरारा आणि मऊ ब्रश, खुरातली घाण काढायचा लोखंडी आकडा, म्होरकी आणि सुती दोर (नायलॉनचा नको, हात कापतो), दोन मोठ्या बादल्या, तोबरा (तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी), थर्मामीटर, कापडी मोजपट्टी, चारा तोलायला साधा काटा. उंदरांपासून आणि घोडीपासून धान्य वाचवायला कडीचं झाकण असलेला पत्र्याचा डबा. कडी हवीच, नुसतं झाकण ती ओठांनी उघडते.

३. बाजारात गेल्यावर

आपल्याकडे घोडे बघायचे तर दिवाळीच्या सुमाराचा अकलूजचा बाजार, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा आणि नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा. पहिल्या वर्षी नुसतं फिरा, खिशात पैसे ठेवू नका. मारवाडी आणि काठियावाडी जातींचे आत वळलेले कान बघून माणूस भाळतो. आपल्या भीमा-नीरेच्या मुलखातला भीमथडी घोडा दिसायला साधा, पण काटक. त्यालाही आता स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे.

दलाल तुम्हाला अंगावरचे केसांचे भोवरे दाखवेल. कुठला शुभ, कुठला खोड, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) कुठे, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) कसा. ऐकून घ्या, चहा घ्या, आणि मग या चार गोष्टी स्वतः बघा:

दात. समोरचे कायमचे दात जोडीजोडीनं येतात: मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास, शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी उभी खाच दिसू लागली तर वय दहाच्या आसपास. "सहा वर्षांची आहे हो" म्हणून दाखवलेल्या घोडीच्या दातावर ही खाच मी स्वतः बोटानं चाचपली आहे.

चाल. मऊ रेतीत सगळेच घोडे चांगले चालतात. डांबरी किंवा कडक जमिनीवर दुडक्या चालीनं नेऊन दाखवायला सांगा. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो.

वेळ. न सांगता दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जा. वेदनाशामक देऊन उभा केलेला लंगडा घोडा पहाटे खरं बोलतो.

स्वभाव. चारही पाय उचलू देते का, कानाला हात लावू देते का. नवशिक्यानं तरणा वळू-घोडा घेऊ नये. आठ-दहा वर्षांची, पोरं अंगावर खेळवलेली घोडी सोनं समजा. "मुलगा आणि शिंगरू एकत्र मोठे होतील" ही कल्पना फार गोड आहे. दवाखान्यात टाके घालताना मात्र कुणाला ती गोड वाटत नाही.

हे कागद हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका:

- खरेदीची पावती, जनावराचा रंग, खुणा आणि वय लिहिलेली, विकणाऱ्याच्या ओळखपत्राच्या झेरॉक्ससह
- ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा ताजा निगेटिव्ह अहवाल
- प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला (जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, गाडी अडवली की हाच कागद विचारतात)
- दिलेल्या लसींची नोंद, असेल तर
- चारही बाजूंनी काढलेले फोटो. विम्याला लागतात आणि चोरी झाली तर पोलिसांनाही

ग्लँडर्सकडे दुर्लक्ष करू नका. हा जिवाणूंचा रोग माणसालाही होतो. त्याला लस नाही, आणि रोग पक्का ठरला तर कायद्यानं जनावर मारावं लागतं. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नाकातून पिवळा चिकट स्राव किंवा पायावर गाठी-जखमांची माळ दिसली तर त्या दावणीपासून लांब व्हा.

४. पहिले तीन आठवडे

नवीन जनावर जुन्यांपासून वेगळं बांधा, बादली आणि खराराही वेगळा. विकणाऱ्याकडून तिथल्या चाऱ्याचं एक पोतं मागून आणा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवणारे जंतू असतात, त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. पाहुणे, गावकरी, सेल्फी हे सगळं पंधरा दिवसांनी. बसायचं तर नावच काढू नका.

५. काय घालायचं, किती घालायचं

घोडीचं वजन काट्याशिवाय काढता येतं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. आमच्या सगुणा घोडीचा घेर १६५, लांबी १५०, म्हणजे साधारण ३४४ किलो.

दिवसाला वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा. सगुणाला सात-आठ किलो. हा चार-पाच वेळा विभागून घाला, रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं. बराच वेळ उपाशी ठेवलं की जठरात व्रण होतात. मारवेल किंवा डोंगरी गवत उत्तम, चांगला कडबा चालतो, लसूणघास थोडी.

चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, जव, ओट, ही कामाच्या मानानं. काम नसेल तर मूठभर पुरे. एका वेळी दीड किलोच्या वर कधीच नाही. जाडं मीठ रोज दोन-तीन चमचे. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त, आणि ते समोर सतत हवं.

इथे शेतकऱ्याच्या घरातच जास्त चुका होतात, कारण आपण गाईच्या हिशेबानं विचार करतो:

कोंबडीखाद्य आणि गाईचं तयार पशुखाद्य घालू नका. त्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाई-कोंबड्यांना ते चालतं, घोड्याला थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरतं.

बुरशी लागलेला मका किंवा काळा पडलेला कडबा "वाया जातोय" म्हणून घालू नका. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं.

गव्हाचा कोंडा आवडीनं खातात म्हणून रोज पाटीभर नको. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांची हाडं यामुळेच मऊ होऊन तोंडं सुजत. उसाचं वाढं आणि हत्ती गवतातलं ऑक्झॅलेटही कॅल्शियम अडकवतं, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

ज्वारीचे कोवळे पोंगे आणि खोडवा घालू नका: गाईला त्यानं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि घोड्यालाही ते बाधू शकतं.

६. आमचा दिवस

साडेपाचला मी तबेल्यात जाते ती बॅटरी घेऊन. घोडीकडे नंतर, आधी लीद. रात्रभरात चार-पाच ढीग असायला हवेत. गोळे घट्ट पण बोटानं दाबले की फुटणारे, हिरवट तपकिरी. गोळे लहान, कोरडे, वर चकचकीत पातळ पडदा: पाणी कमी पडलंय. शेणासारखी पातळ: चारा बदलला किंवा जंत. अख्खे हरभरे दिसले: दातांना धार आली आहे, चावता येत नाही, डॉक्टरकडून कानशीनं घासून घ्या. लीदच नाही: घरातल्या सगळ्यांना उठवा.

मग पाणी, चारा, आणि तासभरानं खरारा. केस उलटे करत नाही, खांद्यापासून मागे. खराऱ्यानं गोचीड, जखम, सूज हाताला लागते, चमक हा वरचा फायदा. मागून जाताना आवाज द्या आणि पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर दोन-तीन हात लांबून जा. मधलं अंतर सगळ्यात वाईट, तिथे लाथेला पूर्ण जोर मिळतो.

आठनंतर सावली. दुपारी चारा, पाणी, आणि कुणीही त्रास द्यायचा नाही. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे जे नियम आहेत, त्यांत तापमान ३७ अंशांवर गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायला मनाई आहे. आमच्याकडे मार्च ते मे हे रोजचंच, त्यामुळे हौशी घोड्यालाही तोच नियम लावा. संध्याकाळी मोकळं सोडणं, लीद उचलणं. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. चार महिने कुजवली तर डाळिंबाला सोन्यासारखी. रात्री नऊला शेवटचा चारा.

७. खूर

रोज चारही पाय उचलून आकड्यानं साफ करा, टाचेकडून पुढे. तळाला रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, आमचे नालबंद चाचा त्याला पुतळी म्हणतात. तिथून सडका वास आणि काळं पाणी आलं तर खूर सडतोय, जागा ओली आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून घ्यावेच लागतात, नाल असो वा नसो. मातीतच फिरणाऱ्या घोडीला नाल लागेलच असं नाही. डांबरी रस्त्यावर नेणार असाल तर लागते. नालबंद काम करत असताना फोनवर बोलू नका, तोंडाशी उभे राहा. चाचांनी मला एकदाच सांगितलं, "बाई, पाय माझ्या हातात, पण घोडी तुमच्या हातात."

८. पोट दुखलं तर

पहिल्या वर्षीचा बेंदूर. आमच्याकडे बैल उरले नाहीत, ट्रॅक्टरला हार घालतो. आलेल्या पाहुणीला वाईट वाटलं, तिनं लेकराच्या मायेनं सगुणाला सहा-सात पुरणपोळ्या भरवल्या. तुपासकट. पोरांनी उरलेलं पुरण चाटवलं. मी स्वयंपाकघरात होते.

रात्री अकराला सगुणा पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, जणू तिथे कुणीतरी उभं आहे. बसली, उठली, परत बसली. वरचा ओठ उलटा. मानेवर घाम. कुशीला कान लावला तर एरवी गडगडणारं पोट गप्प होतं.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं, नाहीतर पोट फुटतं किंवा आतड्याला पीळ पडतो. तासाभरात अंगणात दहा माणसं जमली आणि प्रत्येकाकडे औषध: गोडं तेल पाजा, हिंग-ताक पाजा, बांबूच्या नळकांड्यानं सोडा पाजा. एक काका तर तेलाची बाटली घेऊनच आले होते. फोनवर डॉक्टर एकच वाक्य बोलले, "तोंडातून थेंबही घालू नका." जबरदस्तीनं पाजलेलं औषध फुप्फुसात उतरतं, आणि मग पोटातून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. डॉक्टर नाकातून जठरात नळी घालतात, ते काम त्यांचंच.

तुम्ही एवढंच करा: चारा काढून घ्या. फोन लावा आणि नाडी, श्वास, ताप, शेवटची लीद कधी पडली, काय खाल्लं, हे सांगा. खाल्लेलं लपवू नका, पाहुण्यांची अब्रू नंतर सांभाळा. घोडा लोळून अंग आपटत असेल तर हळू चालवा, शांत पडला असेल तर पडू द्या. तासन्‌तास फरफटवू नका. घरातली वेदनाशामकाची सुई टोचू नका, दुखणं झाकलं जातं आणि डॉक्टरला अंदाज येत नाही.

डॉक्टर दीडला आले. सकाळी सहाला लीद पडली. चार गोळे. मी त्या चार गोळ्यांचा फोटो काढून त्यांना पाठवला.

आता बेंदराला सगुणाला एक गाजर मिळतं आणि तबेल्याला कुलूप असतं.

९. सुया, जंत, माश्या

धनुर्वाताची लस दर वर्षी. घोडा या रोगाला फार हळवा असतो आणि शेतावर गंजके खिळे असतातच. रेबीजचीही घ्या, वस्तीवर कुत्री असतात. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी डोळे झाकून देण्यापेक्षा लीद तपासून द्या. तपासणी स्वस्त आहे, आणि औषधाला सरावलेले जंत महाग पडतात.

पावसाळ्यात चावऱ्या गोमाश्यांतून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. लक्षण फसवं असतं: घोडी खाते, पण झडत जाते, ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. "उन्हाळ्याचं वाळली असेल" म्हणत महिना घालवू नका.

१०. आणि बसायचं कधी?

आधी जमिनीवरून. लांब दोर धरून रिंगणात फिरवा, थांब म्हटलं की थांबते का बघा. ते जमलं की खोगीर. पाठीवर खोगीर टेकवून कण्याला दाब येत नाही ना ते बोटं घालून पाहा. खोगीर लागून पाठीला जखम झाली की पुढचा महिना गेला. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) दोनदा आवळा, कारण पहिल्यांदा घोडी पोट फुगवून उभी राहते आणि तुम्ही रिकिबीत पाय ठेवलात की खोगीर पोटाखाली जातं. माझं गेलं होतं, भावकीसमोर. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको: सगुणाला ६९ किलो. आमच्या घरात त्यामुळे कोण बसणार हा वाद आपोआप मिटला.

बाजारात स्वस्तात काटेरी लगाम मिळतो. तो वापरणं वर सांगितलेल्या १९६५ च्याच नियमांनी बेकायदा आहे. साधा, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेला घ्या. डोक्यावर हेल्मेट, गावानं हसू दे.

११. तबेल्याच्या दारावर लिहा

निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सियस (गुदद्वारात थर्मामीटर, दोरीला बांधून, नाहीतर आत जातं). नाडी जबड्याखाली बोट ठेवून मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली तर धोका. श्वास ८ ते १६. आधी निरोगी असताना आठवडाभर मोजून आपल्या घोडीचे आकडे लिहा. खाली डॉक्टर, दुसरा डॉक्टर, नालबंद आणि ट्रेलरवाला यांचे नंबर.

हे ऑइल पेंटनं आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला लिहा. मी आत खडूनं लिहिलं होतं, सगुणानं पहिल्याच रात्री डॉक्टरांच्या नंबरातले शेवटचे चार आकडे चाटून टाकले.